बावीस नंबरची बाटली

१

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता फ्रीजर उघडला आणि बावीस नंबरची बाटली जागेवर नव्हती.

समोर कुरिअरवाला बर्फाचा खोका उघडून उभा. त्याच्या शेजारी आमचे संचालक डॉ. कारखानीस, हातात पत्रांची फाईल. आणि फ्रीजरच्या तिसऱ्या कप्प्यात बाटलीच्या जागी नुसतं हिम. माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं, त्यात ही भर.

मी सारिका शेलार. महाड एमआयडीसीतल्या या छोट्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं स्टोअर आणि सुरक्षा सांभाळते. म्हणजे कुणी काही सांडलं, फोडलं, हरवलं की सगळ्यांची बोटं माझ्याकडे. त्या दिवशी तर मी नऊ वाजल्यापासूनच तोंड सोडलं होतं. आमच्याकडे झाडलोट करते ती रखमा, तुडीलची. सणाचा उत्साह हिला असा की विचारू नका. विषारी वाफा ओढणाऱ्या फ्युमहूडच्या काचेला झेंडूची माळ, पीएच मीटरवर कुंकवाचं बोट, प्रिंटरवर आपट्याची पानं, आणि मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या वजनकाट्याच्या पॅनवर चक्क अक्षता! "अगं बाई, हे यंत्र आहे, जातं नाही!" म्हणत मी बारीक ब्रशने एकेक दाणा काढला होता. दरवर्षी सांगते. दरवर्षी तेच.

आता बावीस नंबर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर मधेच विचाराल. आपल्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन निरोप्याचं काम करतं. झोप, भूक, मन लागणं, न लागणं, सगळ्यात त्याचा हात. निरोप पोचायचा तर पेशीवर त्याला टेकायला जागा लागते, तिला रिसेप्टर म्हणतात. अशा जागा बऱ्याच प्रकारच्या. त्यातल्या नेमक्या एका प्रकारच्या जागेवर जाऊन बसेल असं संयुग आम्ही दीड वर्ष बनवत होतो. एकवीस वेळा फसलं, म्हणून हे बावीस. ते बंगळुरूच्या संस्थेत जाणार, तिथे उंदराला देणार, आणि उंदीर मान झटकतो का ते बघणार. झटकली तर संयुग जागेवर बसलं. हो, दीड वर्ष बारा माणसं एका उंदराने मान झटकावी म्हणून राबत होती. घरी सांगितलं तर लोक माझी मान झटकतील.

"सारिकाबाई," कारखानीस हळू आवाजात म्हणाले. ते हळू बोलले की समजायचं, कुणाचं तरी काही खरं नाही. "फ्रीजरची चावी कुणाकडे असते?"

"मुरारीकडे," विपुल राऊतने माझ्या आधी उत्तर दिलं.

२

मुरारी सकपाळ आमचा मदतनीस. उमरठच्या वरच्या वाडीचा. अकरा वर्षं कंत्राटावर आहे, आणि पुढच्या एक तारखेपासून कायम होणार होता. त्याचं पत्र टाइप होऊन माझ्याच टेबलावर पडलं होतं.

चावी त्याच्याकडे म्हणजे काय, तर दारामागच्या खिळ्याला. हे झाडून सगळ्यांना माहीत. पण कारखानीसांना कोण सांगणार? सांगितलं मी. ऐकलं नाही त्यांनी.

विपुलने सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. हा बोरिवलीचा, मे महिन्यात आलेला, हुशार पोरगा. संयुगाचा शेवटचा टप्पा एकट्याने केला होता. पीएचडीसाठी परदेशात जायचं होतं आणि ते जाणं बावीस नंबरवर अडलं होतं. बुधवारी सकाळी रजेवर होता, संध्याकाळी मुंबईहून परतला. शांतपणे काम करता येईल म्हणून थेट लॅबमध्ये आला. पूड वाळली होती, ती बाटलीत भरली, वजन केलं, फ्रीजरमध्ये ठेवली.

"ही त्याची चिठ्ठी," असं म्हणत त्याने काट्याच्या प्रिंटरचा कागद पुढे केला. कारखानीसांनी पाठवणीसाठी सकाळी दहालाच मागितला होता तो. बुधवार, सायंकाळी सहा वाजून बारा मिनिटं. एक पूर्णांक आठ चार दोन शून्य ग्रॅम.

"आणि तू बाटली ठेवलीस तेव्हा तिथे कोण होतं?"

विपुलने फ्रीजरकडे बघितलं. "मुरारी. फ्रीजरच्या आसपास पुसत होता."

गेटवरच्या नाथूनेही तेच सांगितलं. राऊतसाहेब साडेपाचला आत, सातला बाहेर. मुरारी साडेसहाला बाहेर, खांद्याला पिशवी. पोलादपूरची एसटी गाठायची म्हणून पळतच गेला. मधे दुसरं कुणी आलं नाही, गेलं नाही. गुरुवारी दसऱ्याची सुट्टी, सगळीकडे कुलूप.

"झालं तर मग," कारखानीस म्हणाले. "मेंदूवर काम करणारी पांढरी पूड. बाहेर कुणाला तरी विकली असेल. चार वाजेपर्यंत त्याने बाटली दिली तर ठीक. नाहीतर मी पोलिसांना बोलावतो, आणि ते कुठलं कलम लावतील ते मला सांगायला नको."

अमली पदार्थांचं कलम. जामीन नाही. उंदराची मान झटकणारं औषध, पण हवालदाराला पूड म्हणजे पूड.

"सर, अहो, तो माणूस अकरा वर्षं—"

"सारिकाबाई, तुम्हाला एवढीच खात्री असेल तर तुम्ही शोधा. तुमच्याकडे चार वाजेपर्यंत वेळ आहे."

घ्या. हात दाखवून अवलक्षण.

३

मुरारीला गेटवरच्या केबिनमध्ये बसवलं होतं. सकाळच्या गाडीने आला, तेव्हापासून चहासुद्धा कुणी दिला नव्हता. मी आधी नाथूवर ओरडले, चहा मागवला आणि मग स्टूल ओढून बसले.

"मुरारी, बाटली घेतलीस?"

"नाय बाई."

"बुधवारी पिशवीत काय होतं?"

त्याने कप बाजूला सरकवला.

"अरे बाबा, बोल! लॅबचं काही असेल तरी सांग. रिकामा कॅन असेल, थर्माकोल असेल, मी सांभाळून घेते. पण गप्प बसलास तर चार वाजता गाडी येईल आणि तुला घेऊन जाईल."

"लॅबचं काय पन नव्हतं, बाई."

"मग काय होतं?"

"ते नाय सांगनार."

मला अशी चीड आली म्हणून सांगू! गळ्याशी आलंय आणि हा मला अभिमान दाखवतोय. मी उठले. दारापर्यंत गेले, परत आले. चहा तसाच निवत होता.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हटलं. "देवाशपथ. कारखानीसांनासुद्धा नाही."

त्याने उठून केबिनचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "आयच्या गोळ्या व्हत्या. बा गेल्यापास्नं ती जेवत नाय, निजत नाय, चुलीम्होरं बसून ऱ्हाते. महाडच्या डागदरानं गोळ्या दिल्या, मनाच्या. तीन म्हयन्यात फरक पडला. आता गाई घेऊन रानात पन जाते. पन वाडीत कुनाला ठावं नाय. कळलं तर म्हनतील म्हातारी येडी झाली, भगताकडं न्या. मंग ती गोळ्या बी सोडंल आन जेवन बी."

गोळीचं नाव त्याने सांगितलं. तीसुद्धा सेरोटोनिनवरच काम करते. आम्ही दीड वर्ष ज्याच्यासाठी डोकं फोडत होतो, ते या माणसाच्या पिशवीत डॉक्टरच्या चिठ्ठीसकट होतं आणि त्यापायीच तो तुरुंगात जायला निघाला होता.

"पोलिसांनी पिशवीचं विचारलं तर?"

"नाय सांगनार," मुरारी म्हणाला. "आत टाकलं तरी नाय."

४

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण चोर कोण?

मी अमिताकडे गेले. अमिता साळवी आमची यंत्रं सांभाळते, बिरवाडीला खोली घेऊन राहते. विपुलचं आणि तिचं जमल्याची कुजबुज होती, पण दोन महिने दोघांचं वाजत होतं. बाटली गेल्यावर सगळ्यात शांत तीच होती, आणि ते मला खटकलं होतं.

"तू घेतलीस का?" मी सरळ विचारलं. आडून विचारायला माझ्याकडे वेळ नव्हता.

"मला कशाला हवी?" ती फणकारली. "मी तर बावीस नंबर बघितलंसुद्धा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटच्या टप्प्यानंतर नमुना माझ्या मशीनवर यायला हवा की नको? तीन वेळा मागितला. आज देतो, उद्या देतो. शेवटी म्हणाला, बंगळुरूला करतीलच की. भांडण त्यावरूनच तर चाललंय आमचं. तुम्हाला काय वाटलं, लग्नावरून?"

मला तसंच वाटलं होतं. पण ते मी तिला सांगितलं नाही.

"मग पांढरी पूड पाहिली कुणी?"

"विपुलने."

"आणखी?"

अमिताने खांदे उडवले.

मी स्टोअरमध्ये येऊन बसले. दोन वाजून गेले होते. काट्याची चिठ्ठी समोर ठेवली. पूड नव्हतीच, असं क्षणभर मनात आलं, पण चिठ्ठी तर होती. काटा खोटं बोलत नाही. बुधवारी संध्याकाळी पावणेदोन ग्रॅमच्या वर काहीतरी त्या पॅनवर ठेवलं होतं, त्याशिवाय आकडा उमटणार कसा? दर दहा मिनिटांनी कारखानीसांचा फोन. "काही समजलं?" "नाही सर." "मग?" मग काय? मग माझं डोकं!

तेवढ्यात रखमा दारात येऊन उभी राहिली. पदराचं टोक तोंडात.

"आता तुझं काय?" मी खेकसले.

"बाई, माज्यावर आळ नका घेऊ. सकाळी तुमी वरडलात, तवापास्नं काळजात धडधड हाय. म्या काट्याला हात पन नाय लावला. बुधवारी दुपारी पुजा केली, अक्षता ठेवल्या, वायर काढून खोलीचं दार लोटलं. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसरा होईस्तवर हलवायचं नसतं, मला काय ठावं नाय व्हय? तुमी सकाळी काढलात तोवर दाना जागचा हलला नव्हता."

मी चिठ्ठीकडे बघितलं. मग रखमाकडे. मग परत चिठ्ठीकडे.

"रखमा," मी म्हटलं, "बस इथे. आणि आता अक्षर बोलू नकोस."

५

साडेतीन वाजता मी सगळ्यांना काट्याच्या खोलीत बोलावलं. कारखानीस मोबाईल हातात धरूनच आले. अमिता भिंतीला टेकून, रखमा कोपऱ्यात. मुरारीलाही मी केबिनमधून आणलं. विपुल शेवटी आला.

"विपुल, बुधवारी संध्याकाळी वजन केलंस ते याच काट्यावर ना?"

"हो मॅडम. दुसरा कुठला आहे आपल्याकडे?"

"नीट आठवून सांग. तू आलास तेव्हा काट्यावर काय होतं?"

"काय म्हणजे? काही नाही. काटा स्वच्छ होता, चालू होता. शून्यावर आणला आणि वजन घेतलं."

"नक्की?"

"मॅडम, मी रोज वजनं घेतो." त्याने कारखानीसांकडे बघून हसल्यासारखं केलं. "हा काय चाललाय प्रकार?"

"प्रकार असा आहे," मी म्हटलं, "की तुझं हे पहिलंच वर्ष. मुंबईत तुमच्याकडे दसऱ्याच्या दिवशी यंत्रं पुजत असतील. इथे लोकांना डोंगरातल्या वाड्यांवर जायचं असतं, म्हणून आम्ही खंडेनवमीलाच पूजा उरकतो. बुधवारी दुपारी बाराला. तू तेव्हा एसटीत होतास. या काट्याला झेंडूची माळ होती, त्याची वायर काढून गुंडाळलेली होती, आणि पॅनवर कुंकवात भिजवलेल्या अक्षता होत्या. पुजलेलं यंत्र आमच्याकडे दसरा संपेपर्यंत कुणी चालवत नाही. कुणी म्हणजे कुणीच. आज सकाळी नऊला त्या अक्षता मी माझ्या हाताने काढल्या, आणि या बाईला सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतकी बोलले. तू दहाला आलास, त्यामुळे तेही ऐकायचं राहिलं तुझं."



"अक्षता बाजूला करून परत ठेवल्या असतील त्याने," कारखानीस म्हणाले. कशाला म्हणाले देव जाणे.

"मग आत्ता सांगितलं असतं ना सर. तो म्हणाला स्वच्छ होता, चालू होता. बाहेरच्या माळा त्याने बघितल्या असतील, पण बुधवारी तो या खोलीत आलाच नाही. अमिता, काट्याचं घड्याळ कुणी फिरवलं तर कळतं?"

अमिता आधीच बटणं दाबत होती. तिची भुवई वर गेली. "आज दहा वाजून वीस मिनिटांनी मागे नेलंय. दहा पंचवीसला परत पुढे."

विपुल खाली स्टुलावर बसला. चेहरा पांढराफटक.

"काय वजन केलंस?" मी विचारलं.

"मीठ," तो म्हणाला. "साधं मीठ."

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. बावीस नंबर पांढरं झालंच नव्हतं. शेवटच्या टप्प्यात त्याने फ्लास्क खिडकीपाशी उजेडात ठेवला आणि दोन दिवसांत त्याची तपकिरी राळ झाली. तोवर कारखानीसांनी बंगळुरूला तारीख कळवली होती, याचं परदेशातलं पत्रही आलं होतं. मग हा रोज उद्या, उद्या करत राहिला. बुधवारी संध्याकाळी बाटलीतली राळ टाकाऊ सॉल्व्हंटच्या पिंपात ओतली आणि बाटली फुटक्या काचांच्या डब्यात टाकली. हरवली म्हटलं की कोण विचारणार, पांढरी होती की तपकिरी? सकाळी चिठ्ठी मागितली तेव्हा घाबरला आणि जी सुचली ती तारीख घातली.

"आणि मुरारी?" मी विचारलं. "तो फ्रीजरपाशी पुसत होता म्हणालास ते?"

"मी मुद्दाम नाही... सरांनी विचारलं, मी गडबडलो. मला वाटलं चौकशी करतील आणि सोडून देतील."

"सोडून देतील?" माझा आवाज चढला तो चढलाच. "अरे, दीड वर्षाचं काम नासलं असतं तर परत केलं असतं! एकवीस वेळा केलं, तेविसाव्यांदा केलं असतं! तू हुशार आहेस ना? मग या माणसाला आत टाकताना तुझी हुशारी कुठे शेण खायला गेली होती?"

विपुल रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. नंतर आली, पण तेव्हा नाही.

कारखानीसांनी मोबाईल खिशात ठेवला. "ठीक आहे. मुरारी, तू जा आता कामाला. झालं गेलं विसरून जा."

मुरारी जागचा हलला नाही.

६

"साहेब," तो म्हणाला, "मी येईन कामाला. पन तोंडी नको."

"म्हणजे?"

"सकाळी नाथूमामानं पोलादपुरात कुनाला तरी फोन केला. दुपारच्या आत आमच्या वाडीत कळलं की मुरारीला चोरीत धरलाय. मुंबईची मानसं दसऱ्याला आल्यात, रविवारपर्यंत हायत. रविवारी गावकी बसनार. तुमी कागदावर लिवून द्या, आन सोता येऊन वाचा."

कारखानीसांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गाडी वाडीपर्यंत जात नाही सर. शेवटचा अर्धा तास चालावं लागेल. बूट घाला."

रविवारी आम्ही चढलो. कारखानीस तीन वेळा थांबले, दोनदा घसरले, एकदा मला म्हणाले, "सारिकाबाई, याची खरंच गरज होती का?" मी पुढे चालत राहिले. मलाही धाप लागली होती.

देवळात पन्नासेक माणसं बसली होती. मुरारी खांबाला टेकून उभा, बायकांच्या पुढे त्याची आई धोंडूबाई. कारखानीसांनी कागद वाचला. बरा लिहिला होता, मीच सांगितला होता. चूक आमची झाली, मुरारी सकपाळ यांचा काहीही दोष नाही, ते पहिल्या तारखेपासून कायम कामगार आहेत. शेवटी "आम्ही त्यांची माफी मागतो" आलं तेव्हा आवाज थोडा अडला, पण वाचलं त्यांनी.

गावकीचे म्हातारे कुशाबा मान डोलवत होते. मला वाटलं सुटलो. तेवढ्यात मुंबईहून आलेला राजू नावाचा गडी मागून उठला.

"ते सब ठीक हाय. पन बॅगमधे काय व्हतं ते क्लिअर नाय झालं. नाथूमामा बोल्ला, मुरारीनं शेवटपर्यंत सांगितलं नाय. साफ असता तर सांगितलं नसतं काय?"

सगळ्यांची तोंडं मुरारीकडे वळली. त्याने मान खाली घातली. कारखानीसांनी मला कोपराने ढोसलं. मला माहीत होतं, आणि मी शपथ घेतली होती. एका वाक्यात त्याला सोडवता आलं असतं, आणि त्याच वाक्याने त्याची आई बुडाली असती. एवढा वैताग मला आयुष्यात आला नव्हता.

"बस रे राजू," धोंडूबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मुरारी म्हणाला, "आय, तू गप ऱ्हा." तिने ऐकलं नाही.

"माज्या गोळ्या व्हत्या. मनाच्या. ह्याचा बा गेला तवापास्नं मला निज नव्हती, घास जात नव्हता. कड्यावर जाऊन उभी ऱ्हायचे मी, कुनाला ठावं नाय. डागदरानं गोळ्या दिल्या, आता बरी हाय. ज्याला येडी म्हनायचं त्यानं आत्ताच म्हना, माज्या तोंडावर."

राजू खाली बसला. बायकांतली एक म्हातारी, रंगूबाई, हळूच म्हणाली, "गो धोंडू, कंचा डागदर त्यो? मला बी रातची निज नाय."

धोंडूबाईने तिला हाताने थांब म्हटलं आणि कारखानीसांकडे वळली.

"आमचा मुरारी चोर नाय, ह्ये मला त्याच्या जल्मापास्नं ठावं हाय. तुमी अकरा वरसं त्याच्या हातचा चा पिता, आन तुमाला काट्यावरचं तांदूळ बघावं लागलं."

कारखानीस कागदाची घडी घालायला लागले. घडी काही नीट बसेना. मुरारी पुढे आला, त्याने आईचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.